समाजशास्त्रातला प्रयोग: कधी करायचा, कसा करायचा आणि त्यावर किती विसंबायचं

मूल असलेल्या स्त्रीला नोकरी मिळताना तिचं आईपण आड येतं का, हा प्रश्न घ्या. नोकरी देणाऱ्यांना थेट विचारलं तर 'हो, आम्ही भेदभाव करतो' असं कोण कबूल करणार? पगाराची आकडेवारी काढली तर आया मागे दिसतील, पण नोकरीत पडलेला खंड, निवडलेलं क्षेत्र, कामाचे तास असं बरंच काही त्यांच्या बाबतीत वेगळं असतं. त्यातलं नेमकं काय नडलं ते सुटं करता येत नाही. शेली कॉरेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळी वाट धरली. ६३८ ठिकाणी प्रत्येकी दोन, असे १,२७६ अर्ज पाठवले. दोघा अर्जदारांची पात्रता तोलामोलाची. फरक एवढाच की एकाच्या कागदपत्रांतून त्याला मूल असल्याचं कळत होतं, उदाहरणार्थ पालक-शिक्षक संघटनेतल्या कामाचा उल्लेख. मूल नसलेल्या स्त्रियांना आयांच्या २.१ पट बोलावणी आली. वडील असलेल्या पुरुषांचं मात्र काही बिघडलं नाही.

'अमुक गोष्टीमुळेच तमुक घडलं' असं इतक्या ठामपणे म्हणण्याची सोय समाजशास्त्राच्या दुसऱ्या कुठल्याही पद्धतीत नाही. पण याच अभ्यासाला आणखी प्रश्न विचारून पाहा. मुलाखतीच्या पुढे काय होतं? बढतीच्या वेळी काय होतं? घरात, नातेवाइकांत या बाईकडे कसं पाहिलं जातं? अर्ज पाठवण्याच्या प्रयोगाला यातलं काही सांगता येत नाही. प्रयोगातून कारण खात्रीने कळतं, आणि त्याची किंमत म्हणून प्रश्न अरुंद करावा लागतो. हा सौदा परवडतो का, ते आधी ठरवायचं आणि मग कामाला लागायचं.

चार-पाच शब्द आधी पक्के करा

संशोधक जी गोष्ट मुद्दाम बदलतो ती स्वतंत्र चल. तिचा परिणाम ज्यावर मोजायचा ते परतंत्र चल. बदल ज्यांना मिळतो तो प्रायोगिक गट, ज्यांना मिळत नाही तो नियंत्रित गट. कोण कुठल्या गटात जाणार हे केवळ योगायोगावर सोपवणं म्हणजे यादृच्छिक वाटप.

यादृच्छिक वाटप आणि यादृच्छिक निवड यांत नवख्यांची हमखास गल्लत होते. निवड म्हणजे समाजातून नमुना कसा उचलला. तिच्यामुळे निष्कर्ष त्या समाजाला लागू करता येतो. वाटप म्हणजे हाती आलेल्या माणसांची दोन गटांत विभागणी कशी केली. त्यामुळे कारण आणि परिणाम यांचा संबंध सांगता येतो. बहुतेक प्रयोगांत वाटप यादृच्छिक असतं, निवड नसते. प्रयोगाच्या बलस्थानांची आणि उणिवांची निम्मी यादी या एका वाक्यातून निघते.

पायरी १: प्रश्न प्रयोगाजोगा आहे का?

प्रश्न एका वाक्यात लिहा: 'क्ष बदलल्यास य बदलतं.' वाक्य असं बसत नसेल तर प्रयोगाचा नाद सोडा. बसत असेल तर तीन गोष्टी तपासा. क्ष तुमच्या हातात आहे का? काहींना देऊन इतरांना न देणं शक्य आणि योग्य आहे का? आणि परिणाम तुमच्या अभ्यासाच्या मुदतीत दिसणार आहे का?

क्रांत्या का होतात, एखादा धर्मपंथ कसा पसरतो, वर्गव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकते, या प्रश्नांना प्रयोगाचा उपयोग जवळजवळ नाही. तिथे इतिहास आणि तुलना हीच साधनं. समाजशास्त्राच्या बाबतीत तुलनात्मक पद्धत हाच अप्रत्यक्ष प्रयोग, असं एमिल दुर्खीमने १८९५ मध्येच मांडलं होतं.

लिंग, जात, वंश, धर्म यांची गोष्ट जरा निराळी. या गोष्टी कुणाला 'देता' येत नाहीत, पण त्यांची खूण देता येते, उदाहरणार्थ अर्जावरचं नाव. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम वाटतील अशा नावांनी, पण सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत होकारार्थी उत्तर मिळण्याचं प्रमाण दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ इतकं होतं (सांख्यिकीत ज्याला ऑड्स रेशो म्हणतात, म्हणजे दोन गटांतल्या होकार-नकारांच्या गुणोत्तरांची तुलना, त्या मापाने). इथे स्वतंत्र चल 'जात' नसून 'जात सुचवणारं नाव' आहे, हे अहवालात स्पष्ट लिहावं लागतं. कारण नावावरून कधी कधी आर्थिक स्तराचाही अंदाज बांधला जातो, आणि मग नेमकी कशाला प्रतिक्रिया मिळाली याबद्दल वाद उरतो. म्हणून नावं ठरवण्याआधी ती ३०-४० त्रयस्थ लोकांना दाखवा आणि 'हे नाव वाचून काय काय वाटतं' असं मोकळं विचारा. जात किंवा धर्म ओळखू येतो पण श्रीमंती-गरिबीचा अंदाज येत नाही, अशीच नावं ठेवा.

पायरी २: प्रयोगाचा प्रकार निवडा

'प्रयोगाची बलस्थानं आणि उणिवा' अशी एकच यादी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. प्रकार बदलला की यादी बदलते.

प्रयोगशाळेतला प्रयोग. इथे सगळं तुमच्या ताब्यात असतं: खोली, वेळ, सूचना, कोण कुणाशी बोलणार. त्यामुळे एकेक धागा वेगळा काढता येतो. स्टॅन्ले मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगात सहभागींना दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते झटके देण्याची आज्ञा मिळायची (झटके खोटे होते, पण सहभागींना ते ठाऊक नव्हतं). त्याबद्दल १९६३ मध्ये छापून आलेला एकच आकडा सगळ्यांना माहीत असतो: ४० पैकी २६ जणांनी, म्हणजे ६५ टक्क्यांनी, शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत बटणं दाबली. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने खरं तर त्याच्या पुढच्या फेऱ्या पाहाव्यात. शॉक बसतो असं भासवणारा माणूस त्याच खोलीत आणल्यावर प्रमाण ४० टक्क्यांवर आलं. त्याचा हात धरून शॉकच्या पट्टीवर ठेवावा लागला तेव्हा ३० वर. आज्ञा देणारा समोरून हटून फोनवरून बोलू लागला तेव्हा सुमारे २१ वर. आज्ञापालन हा स्वभावाचा गुण असण्यापेक्षा त्या प्रसंगाच्या मांडणीचा गुण आहे, हे केवळ मुलाखती घेऊन कुणाला दाखवता आलं नसतं. उणीव उघड आहे. माणूस प्रयोगशाळेत आल्याचं जाणून असतो, तिथला अधिकारी तासाभराचा असतो, आणि खऱ्या संस्थेत असते तशी नोकरीची, नात्यांची, भीतीची गुंतागुंत तिथे नसते.

क्षेत्रीय प्रयोग. माणसं आपल्या रोजच्या जागी असतात आणि बहुधा प्रयोग चालू आहे हे त्यांना ठाऊक नसतं. डेव्हा पेजरने अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तरुणांना प्रत्यक्ष नोकरी मागायला पाठवलं. कधी एक तर कधी दुसरा तरुण तुरुंगवास भोगल्याचं सांगायचा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्यांना ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं, नोंद असलेल्या गोऱ्यांना १७ टक्के, नोंद नसलेल्या काळ्यांना १४ टक्के आणि नोंद असलेल्या काळ्यांना ५ टक्के. स्वच्छ पार्श्वभूमीचा काळा तरुण तुरुंगातून आलेल्या गोऱ्याच्याही मागे राहिला. असा निष्कर्ष वाचकाला हलवून सोडतो, आणि तो खऱ्या मालकांच्या खऱ्या निर्णयांवर उभा असतो. पण पाठवलेली माणसं वागण्या-बोलण्यात शंभर टक्के सारखी कधीच नसतात. लेखी अर्ज पाठवून ही अडचण टळते, मात्र मग मोजता येतं ते फक्त बोलावणं. शिवाय जाहिरात देऊन भरती करणारे मालकच या प्रयोगात सापडतात. ओळखीपाळखीतून भरल्या जाणाऱ्या जागा पूर्ण सुटतात.

सर्वेक्षणातला प्रयोग. प्रश्नावलीतच एका छोट्या प्रसंगाच्या दोन आवृत्त्या ठेवायच्या आणि प्रत्येक उत्तरदात्याला त्यातली एक योगायोगाने दाखवायची. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. खर्च कमी, वाटप सोपं, नमुना मोठा आणि विविध घेता येतो. दुबळी बाजू एकच, पण मोठी: लोक काय करतील याबद्दल काय सांगतात ते कळतं, काय करतात ते नाही.

नैसर्गिक प्रयोग. इथे वाटप संशोधक करत नाही. कायदा, सोडत किंवा एखादी घटना करते. भारतात ७३व्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदांचं एक तृतीयांश आरक्षण स्त्रियांसाठी झालं आणि कुठलं गाव राखीव हे फिरत्या पद्धतीने ठरू लागलं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी याचा फायदा घेऊन पश्चिम बंगाल आणि राजस्थानातली राखीव व बिनराखीव गावं ताडून पाहिली. स्त्रीप्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त भर दिलेला आढळला. कुठलाही विद्यापीठ विभाग एवढा मोठा बदल स्वतः घडवू शकला नसता. अडचण अशी की वाटप खरोखर योगायोगाने झालं की कुणी हस्तक्षेप केला, हे कागदपत्रांवरून सिद्ध करावं लागतं, आणि मोजमाप बहुधा इतरांनी ठेवलेल्या नोंदींवर अवलंबून राहतं.

इंटरनेटवरचे प्रयोग हा आता जवळजवळ पाचवा प्रकार झाला आहे. मॅथ्यू सालगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४,३४१ लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. एका गटाला फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीचे आठ वेगवेगळ्या 'जगांत' विभागलेले. त्यांना आपल्याच जगात कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड झालं ते दिसायचं. प्रत्येक जगात लोकप्रियतेची उतरंड वेगळी झाली, आणि आकडे दिसत नव्हते त्या गटापेक्षा यशातली विषमता वाढली. एकच समाज आठ वेळा शून्यापासून सुरू करून पाहणं दुसऱ्या कुठल्या पद्धतीला जमतं?

पायरी ३: वाटप

सगळ्या प्रयोगाचा भार या पायरीवर असतो, म्हणून इथे घाई नको.

पुढचे मार्ग यादृच्छिक वाटत असले तरी ते तसे नाहीत: आधी आलेले एका गटात आणि उशिरा आलेले दुसऱ्यात, सकाळची तुकडी आणि दुपारची तुकडी, एकाआड एक, 'ज्यांना हवं त्यांना द्या'. लवकर येणारी माणसं उशिरा येणाऱ्यांहून वेगळी असतात. एकाआड एक वाटपात पुढचा कोण कुठे जाणार हे नोंदणी करणाऱ्याला आधीच कळतं, आणि नकळत का होईना, तो रांग हलवतो.

योग्य पद्धत अशी. संगणकावर क्रमांकांची यादी तयार करा. गट समसमान राहावेत म्हणून चार-चारचे संच घ्या. चारात दोन 'अ' आणि दोन 'ब' मांडण्याचे सहाच मार्ग आहेत (अअबब, अबअब, अबबअ, बबअअ, बअबअ, बअअब), त्यातला एक दर वेळी सोडतीने उचला. यादी अशा माणसाकडे ठेवा जो सहभागींना भेटणार नाही. गट कुठला हे अपारदर्शक, क्रमांक घातलेल्या, बंद पाकिटात ठेवा आणि सहभागीची नोंद पूर्ण झाल्यावरच पाकीट उघडा.

लपवाछपवीची ही काळजी कशासाठी, ते अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या प्रयोगातून कळतं. लॉरेन्स शेरमन आणि रिचर्ड बर्क यांनी तिथल्या पोलिसांबरोबर घरगुती हिंसेच्या प्रकरणांत अटक, समजावणी आणि काही तासांसाठी घराबाहेर पाठवणं या तीन उपायांची तुलना केली. प्रत्येक पोलिसाकडे रंगीत फॉर्मांचं पॅड. वरच्या फॉर्मचा रंग जो उपाय सांगेल तो करायचा. पण वरचा रंग पोलिसाला आधीच दिसत होता, त्यामुळे एखादं प्रकरण प्रयोगात घ्यायचं की नाही यावर त्याचा प्रभाव पडण्याची वाट उघडी राहिली. अटक वाट्याला आलेल्या जवळजवळ सगळ्या प्रकरणांत अटक झाली. बाकीच्या दोन उपायांत मात्र सुमारे तीन चतुर्थांश प्रकरणांतच ठरलेलं पाळलं गेलं. उरलेल्यांपैकी अनेकांत परिस्थिती चिघळल्यामुळे अटक करावी लागली.

वाटप नीट केलं तरी लहान गटांत ते दगा देऊ शकतं. २० जणांत १० स्त्रिया असतील आणि त्यांचे दहा-दहाचे दोन गट सोडतीने पाडले, तर दर शंभरातल्या सुमारे १८ सोडतींत एका गटात सात किंवा अधिक स्त्रिया जातात. २०० जणांत एवढा तोल जाणं जवळपास अशक्य. म्हणून नमुना लहान असेल तर स्त्रिया आणि पुरुष आधी वेगळे करा आणि प्रत्येक थरात स्वतंत्र वाटप करा.

पायरी ४: किती माणसं लागतील?

बहुतेक विद्यार्थी-प्रयोग इथे फसतात. प्रत्येकी वीस जणांचे गट घेतात, फरक सापडत नाही, आणि 'परिणाम नाही' असं लिहून मोकळे होतात. खरं तर तो परिणाम दिसण्याइतकी माणसंच नव्हती.

हिशेबाचा सोपा नियम: दोन गटांच्या सरासरीत जो फरक अपेक्षित आहे त्याला प्रमाण विचलनाने (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप) भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा आणि १६ ला त्या वर्गाने भागा. मिळालेला आकडा म्हणजे प्रत्येक गटातली माणसं (५ टक्के सार्थकता पातळी, म्हणजे परिणाम नसताना तो असल्याचं भासण्याची शक्यता ५ टक्के; आणि असलेला परिणाम पकडण्याची ८० टक्के शक्यता). अपेक्षित फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा असेल तर गटात ६४, ०.४ असेल तर १००; ०.२ असेल तर ४००. फरक निम्मा झाला की माणसं चौपट लागतात. सामाजिक परिणाम बहुधा लहानच असतात, त्यामुळे ०.८ सारखा आशावादी आकडा धरू नका.

टक्केवारीची तुलना त्याहून महाग पडते. बोलावण्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर येतं असं दाखवायचं तर प्रत्येक गटात साधारण ९६५ अर्ज लागतात. मारियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन-शिकागोमध्ये गोऱ्या आणि काळ्या वाटणाऱ्या नावांनी अर्ज पाठवले, त्या प्रसिद्ध अभ्यासात (२००४) जवळपास पाच हजार अर्ज का होते, ते यातून लक्षात येईल; त्यांना सापडलेला फरक साधारण एवढाच होता.

वाटप माणसांचं न करता अख्ख्या वर्गांचं किंवा गावांचं केलं, तर हिशेब पुन्हा बदलतो. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. दर वर्गात ३० मुलं आणि त्यांच्यातलं साम्य दाखवणारा सहसंबंध ०.०५ असेल, तर नमुना २.४५ पट वाढवावा लागतो (१ + २९ × ०.०५). म्हणजे १० वर्गांतली ३०० मुलं ही जेमतेम १२२ सुट्या मुलांच्या बरोबरीची. 'दोन शाळा घेतल्या, एकीत योजना राबवली, दुसरीत नाही' हा आराखडा तर मोडीतच काढा. तिथे नमुना प्रत्यक्षात दोनचा असतो.

पायरी ५: साहित्य, पथदर्शी चाचणी आणि आधीची नोंदणी

दोन आवृत्त्यांत फरक एकच ठेवा. एका प्रसंगात आईचा उल्लेख घालताना परिच्छेद दोन ओळींनी लांबला, तर दुसऱ्यातही तितक्याच लांबीची बिनमहत्त्वाची माहिती घाला.

१५ ते २० जणांवर चाचणी घ्या. ही माणसं मुख्य प्रयोगात नकोत. तीन गोष्टी पाहा. सूचना कळतात का? सगळी उत्तरं पट्टीच्या एकाच टोकाला गोळा होत नाहीत ना? आणि बदल लक्षात येतो का? शेवटच्या गोष्टीसाठी प्रश्नावलीच्या अखेरीस साधा प्रश्न ठेवा: 'अर्जदाराला मुलं होती का?' निम्म्या लोकांना आठवत नसेल तर प्रयोग सुरूच झालेला नाही असं समजा. मात्र हा प्रश्न मुख्य मोजमापाच्या आधी विचारू नका. लोकांना हेतू कळतो आणि उत्तरं सावध होतात.

मुख्य परतंत्र चल एकच ठरवा आणि आकडे गोळा करण्याआधी ते तारखेसह लिहून नोंदवा. वीस वेगवेगळी मोजमापं घेतली तर, प्रत्यक्षात कसलाच परिणाम नसताना, किमान एक तरी 'सार्थक' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. नंतर तेवढंच उचलून छापलं की खोटा निष्कर्ष खरा दिसतो.

पायरी ६: प्रयोग चालू असताना काय बिघडतं

आपल्यावर लक्ष आहे हे कळलं की माणसं वेगळी वागतात, याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. त्यामागची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत फार सरळ करून सांगितली जाते. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रकाश आणि उत्पादन यांचे प्रयोग झाले. १९२७ मध्ये पाच कामगार स्त्रियांना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांती, कामाचे तास अशा गोष्टी बदलत नेल्या. पण त्याबरोबर त्यांच्या पगाराची पद्धतही बदलली, आणि मध्येच दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या. उत्पादन वाढलं ते लक्ष दिल्यामुळे, पगारामुळे की नव्या दोघींमुळे, हे सांगायला समांतर नियंत्रित गटच नव्हता. नवख्यांनी यातून घ्यायचा धडा नियंत्रित गटाचा आहे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा.

उपाय सोपा: नियंत्रित गटालाही तितकंच लक्ष, तितकाच वेळ आणि एखादं निरुपद्रवी काम द्या. मग फरक उरेल तो बदलाचाच.

संशोधकाच्या अपेक्षाही झिरपतात. सूचना तोंडी न देता छापून द्या आणि मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातला ते कळू देऊ नका. फिलिप झिंबार्डोच्या १९७१ मधल्या तुरुंगाच्या प्रयोगात कैदी आणि पहारेकरी योगायोगाने ठरले होते, पण पहारेकऱ्यांना कसं वागायचं याचं वळण आधीच दिलं गेलं आणि स्वतः संशोधक तुरुंगाधिकारी बनून बसला. दोन आठवड्यांसाठी आखलेला तो प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला. त्याला आजही 'परिस्थिती माणसाला क्रूर बनवते' याचा पुरावा म्हणून दाखवणं योग्य नाही. वेगळ्या सूचना दिलेला तुलनेचा गटच तिथे नव्हता.

गळती हा सगळ्यात गुपचूप येणारा दोष. दोन्ही गटांत शंभर-शंभर लोक होते. अखेरीस नियंत्रित गटात ९० आणि प्रायोगिक गटात ६० उरले. आता दोन्ही सारखे राहिले नाहीत, कारण कंटाळलेले ४० कुठल्यातरी विशिष्ट तऱ्हेचे असणार. किती गळाले आणि ते उरलेल्यांहून कसे वेगळे होते, दोन्ही गटांसाठी स्वतंत्रपणे नोंदवा.

एका गटाला दिलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचणं हाही नेहमीचा घोळ. एकाच वसतिगृहातल्या मुलांना वेगवेगळी पत्रकं दिली तर रात्रीपर्यंत ती सगळ्यांनी वाचलेली असतात. अशा वेळी खोलीच्या जागी मजल्याचं किंवा इमारतीचं वाटप करा, आणि मग वर दिलेला २.४५ पटीसारखा हिशेब विसरू नका.

पायरी ७: विश्लेषण

ज्याला ज्या गटात टाकलं त्याची गणना त्याच गटात करा, त्याने बदल प्रत्यक्ष स्वीकारला असो वा नसो. अमेरिकेतल्या 'मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी' या प्रयोगात १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांचं सोडतीने वाटप झालं. एका गटाला कमी गरिबीच्या वस्तीत भाड्याने घर घेण्यासाठी व्हाउचर मिळालं. त्यातल्या निम्म्याहून थोड्या कमी कुटुंबांनीच ते वापरलं. जी गेली ती बहुधा जास्त धडपडी किंवा जास्त त्रासलेली असणार. फक्त त्यांची तुलना नियंत्रित गटाशी केली तर वाटपाने मिळालेला सगळा फायदा वाया जातो.

याच प्रयोगाने वेळेचा मुद्दाही दाखवून दिला. सुरुवातीच्या पाहण्यांत प्रौढांच्या कमाईवर परिणाम दिसला नाही, आणि योजनेचा उपयोग नाही असं अनेकांना वाटलं. पुढे राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी मुलांचा माग काढला, तेव्हा तेरा वर्षांच्या आत असताना नव्या वस्तीत गेलेली मुलं विशीच्या मध्यात सुमारे ३१ टक्के जास्त कमावताना दिसली. प्रयोगाचा परिणाम आपण मोजतो तेव्हाच संपतो असं नाही, आणि सामाजिक बदल बहुधा सावकाश मुरतात.

पायरी ८: नीती

नीती समितीची लेखी परवानगी पहिला सहभागी गाठण्याआधी हवी. संमतीपत्रात काम काय, वेळ किती, धोका काय आणि कधीही सोडून जाता येईल, हे चार मुद्दे साध्या भाषेत लिहा. काही लपवावं लागत असेल तर त्याशिवाय गत्यंतर नाही हे समितीला पटवा, आणि संपल्यावर प्रत्येकाला खरं काय ते समजावून सांगून त्याची उत्तरं काढून टाकण्याची मुभा द्या.

क्षेत्रीय प्रयोगात बहुधा संमती घेता येत नाही, म्हणून तिथे जबाबदारी जास्त. मुलाखतीचं बोलावणं आलं की लगेच, त्याच दिवशी, नम्रपणे नकार कळवा. नाहीतर खऱ्या उमेदवाराची जागा अडते. कुठल्याही कंपनीचं नाव छापू नका. फेसबुकने २०१२ मध्ये एक आठवडा ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या पानावरच्या भावनिक मजकुराचं प्रमाण बदललं, तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर मोठा वाद उठला. सापडलेला परिणाम अत्यंत बारीक होता. लोकांचा राग आला तो न विचारता केल्याबद्दल.

पायरी ९: निष्कर्ष किती लांब न्यायचा

मिनियापोलिसच्या प्रयोगात पोलीस नोंदींनुसार पुन्हा हिंसा होण्याचं प्रमाण अटकेनंतर १० टक्के, समजावणीनंतर १९ आणि घराबाहेर पाठवल्यानंतर २४ टक्के निघालं. १९८४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि अमेरिकेत अनेक ठिकाणी अटकेला प्राधान्य देणारी धोरणं आली. त्यानंतर इतर शहरांत तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. ओमाहामध्ये अटकेचा खास फायदा दिसला नाही. मिलवॉकीत बेरोजगार पुरुषांच्या बाबतीत अटकेनंतर हिंसा वाढलेली आढळली. ज्यांना नोकरी होती त्यांच्यावर उलट परिणाम झाला. पहिला प्रयोग खोटा नव्हता. एका शहरातल्या, एका काळातल्या माणसांवर मिळालेलं उत्तर सगळीकडचं उत्तर मानलं गेलं, तिथे चूक झाली. आणि ती चूक ज्यांना भोवली त्या मारहाण सोसणाऱ्या बायका होत्या, म्हणून हा मुद्दा नुसता पुस्तकी समजू नका.

तुमच्या अहवालात मर्यादांचा परिच्छेद 'नमुना लहान होता' एवढ्यावर संपवू नका. सहभागी कोण होते आणि कोण अजिबात नव्हते. बदल किती तीव्र होता, खऱ्या आयुष्यात तो तितकाच असतो का. किती दिवसांनी मोजलं. आणि यातल्या प्रत्येक मर्यादेमुळे तुमचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसत असेल की लहान, हे दिशेसकट लिहा. सोबत एक साधा तक्ता द्या: किती जणांना विचारलं, किती नाही म्हणाले, प्रत्येक गटात किती गेले, किती गळाले, किती मोजले. मग सहभागींच्या निवडक मुलाखती घ्या, दहा-बारा पुरतात, आणि 'तुम्ही असं उत्तर का दिलंत' हे विचारा. आकड्याने दाखवलेला परिणाम कुठल्या वाटेने झाला याचा पहिला धागा बहुधा तिथेच हाती लागतो.